बारा घरांचा दिवस

आक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायच्या, आधी त्याचं मनगट हातात घ्यायच्या.

बेळगावच्या एका मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली, तेव्हा राहायची सोय शाळेच्या वसतिगृहातच होती. निपाणीहून सर्व्हिस मोटारनं येऊन, पुढे टांगा करून मी तिथे उतरले, तर दारात एक उंच, थोराड हाडाची बाई उभी होती. राखी रंगाचं नऊवारी लुगडं, मनगटापर्यंत बाह्यांची चोळी, मोकळं कपाळ आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. लुगड्याखाली बूट घातलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी नमस्काराला हात जोडणार, तोच त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, मनगटावर तीन बोटं टेकली आणि डोळे मिटले. मग डावा हात घेतला. टांगेवाला ट्रंक खांद्यावर घेऊन तसाच ताटकळत राहिला.

“बाई,” डोळे उघडून त्या म्हणाल्या, “तुमी जेवताना इचार करता. पानथरी दमलीया तुमची.”

पानथरी म्हणजे प्लीहा हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असणं भागच होतं, कारण वरच्या वर्गांना मी आरोग्यशास्त्र शिकवणार होते. पण प्लीहा दमते, आणि जेवताना विचार केल्यानं दमते, असं पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मला कुणी शिकवलं नव्हतं. मी हात सोडवून घेतला. पहिल्याच दिवशी त्या मला थोड्या वेडसर वाटल्या, आणि पुढे कित्येक महिने माझं ते मत कायम होतं.

त्यांना सगळे आक्का म्हणत. मुली, मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, भाजीवाली, पोस्टमन, सगळे. वसतिगृह त्यांच्या ताब्यात होतं. मूळच्या उचगावच्या, शेतकरी घरातल्या. अक्षरओळख जेमतेम सहीपुरती. मात्र मधूनच तोंडात इंग्रजी शब्द येत, तेही स्वयंपाकघरातले आणि पाळण्याजवळचे: ‘स्पून’, ‘बिब’, ‘टू हॉट’. आणि नाडी मोजताना त्या ‘यात, यी, साम’ असं काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, कानडी असेल. आमच्या कानडी शिक्षिका म्हणाल्या, “छे हो, आमचं नव्हे ते.” ते चिनी होतं.

आक्का चीनला राहून आल्या होत्या. म्हणजे हाँगकाँगला. तिथूनच त्यांनी तो बारा घरांचा दिवस आणला होता.

त्यांच्या मते अंगातला जीव एका जागी बसून राहत नाही. तो दिवस-रात्रीत बारा घरं फिरतो आणि एकेका घरी दोन तास मुक्काम करतो. पहाटे तो फुफ्फुसात असतो. उजाडताना मोठ्या आतड्यात, न्याहारीच्या वेळी पोटात, शाळा भरते तेव्हा पानथरीत. भर दुपार हृदयाची. त्यानंतर लहान आतडं, मग शाळा सुटायच्या सुमाराला मूत्राशय, दिवेलागणीला मूत्रपिंडं. रात्री हृदयाचा पहारेकरी, मग ‘तीन चुली’ नावाचं घर, मध्यरात्री पित्ताची पिशवी आणि शेवटी, सगळं जग झोपलेलं असताना, यकृत. ज्या घरी जीव असेल त्या घरचं काम त्या वेळी करायचं, दुसऱ्या घरची भांडणं तिथे न्यायची नाहीत, एवढंच त्यांचं शास्त्र.

मुलींना मात्र त्या ते संस्थानाच्या गोष्टीसारखं सांगत. तांदूळ निवडत बसल्या की भोवती मुलींचं कोंडाळं होई.

“हुरदं म्हंजे राजा. त्याला काम सांगायचं न्हाय. त्यानं निस्तं खुशीत ऱ्हायाचं. फुफ्फुस त्याचा दिवाण. काळीज सेनापती, राग सगळा त्याच्यापाशी. पित्ताची पिशवी म्हंजे मुनसफ, व्हय का न्हाय ते ती ठरवती. पोट अन् पानथरी कोठारावरची माणसं.”

“आक्का, काळीज म्हणजेच हृदय ना?” एखादी शहाणी मुलगी विचारी.

“न्हवं. बोकड कापतात तवा बघ जा. काळीज येगळं, हुरदं येगळं.” त्यांचं काळीज म्हणजे आमचं यकृत.

“आणि मूत्रपिंडं?”

“तिथं जोर असतो. अन् भ्या बी तिथंच.”

म्हणून दिवेलागणीला, नव्या मुलींना हटकून घर आठवायचं त्या वेळी, आक्का मोठ्या घंगाळात कढत पाणी काढायच्या. मुलींना ओळीनं बसवून पाय बुडवायला लावायच्या, मग तळव्याला तेल चोळायच्या आणि हातावर काळ्या तिळाचा लाडू ठेवायच्या. भय तळव्यातून वर चढतं, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलीचे पाय कुणी मांडीवर घेऊन चोळले की तिचं भय कमी होणारच, त्याला चीनपर्यंत कशाला जायला हवं, असं मी मनात म्हणायची. पण कंटाळून आलेल्या एखाद्या संध्याकाळी मीही त्या ओळीत शेवटी बसायची.

भर दुपारी वसतिगृहात कुणाला रागावायला बंदी होती. राजाची वेळ. एकदा जेवणाच्या पंगतीत मी एका मुलीला ताटात भाजी टाकल्यावरून बोलले, तर आक्का हातातली पळी घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “राग गिळलात तरी चालंल, पण हुरद्याच्या येळेला वरडू नगा, बाई. मागनं वरडा.” मुली हसू दाबत होत्या. मागाहून ओरडायचं मी विसरून गेले.

रडण्याचा नियम सगळ्यांत कडक होता. रडायचं ते पहाटे. दुःख फुफ्फुसात राहतं आणि पहाटेच त्याचं दार उघडतं. भलत्या वेळी रडलं तर ते काळजात जाऊन बसतं आणि त्याचा राग होतो. खानापूरकडची एक मुलगी आल्या दिवशीच रात्रीच्या ताटावर रडायला लागली. आक्कांनी तिचे डोळे पदरानं पुसले आणि सांगितलं, “आत्ता न्हाय. पहाटं उठवते, तवा पोटभर रड.” आणि खरोखरच तिला पहाटे उठवून मागच्या पायरीवर नेलं. स्वतः शेजारी बसून ‘स्स्स्’ असा लांब आवाज करत श्वास सोडत राहिल्या. हा त्यांचा रोजचा पाठ. मुलगी पेंगत म्हणाली, “आक्का, आता येत नाही रडू.”

“मग ऱ्हाऊ दे,” आक्का म्हणाल्या. “फुफ्फुसातलं न्हवतंच ते.”

सहामाही परीक्षेत आरोग्यशास्त्राच्या पेपरात ‘शरीरातील प्रमुख इंद्रिये सांगा’ या प्रश्नाला एका हुशार मुलीनं उत्तर लिहिलं: ‘तीन चुली हे इंद्रिय दिसत नाही. त्याला नाव आहे व काम आहे, परंतु अंग नाही.’ मी पेपर घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी आक्कांना बोलावलं. आक्का दारात बूट काढून आत आल्या.

“हे तुम्ही शिकवलंत?”

“व्हय.”

“दिसत नाही ते इंद्रिय कसं?”

आक्कांनी खूप विचार केला. “मला बी त्ये नीट कळलेलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “तिकडल्या त्या चिनी म्हाताऱ्यानं सांगितलं तसं सांगितलं मी.”

मोठ्या बाईंना हसू आलं. “घरी सांगा, पेपरात लिहू देऊ नका,” एवढंच त्या म्हणाल्या. मुलीचे गुण मी कापले. आक्कांनी तिला त्या दिवशी एक लाडू जास्त दिला.

हे सगळं असंच गमतीचं राहिलं असतं. पण माझ्या दुसऱ्या वर्षी मच्छे गावच्या एका मुलीला ताप भरला. आक्कांनी दोन्ही मनगटं धरली आणि सांगितलं, काळजाची उष्णता आहे, त्याची वेळ सरली की उतरेल. कारल्याचा रस दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप सकाळी उतरायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. आक्का उशाशी बसून होत्या, एक क्षण हलत नव्हत्या, आणि त्यामुळेच आम्हीही सगळ्या निर्धास्त होतो. मोठ्या बाई गावाहून परतल्या आणि त्यांनी डॉक्टरांना आणवलं. विषमज्वर. डॉक्टर म्हणाले, बोलवायला उशीर झाला.

मुलगी वाचली. पण तिचा एक कान कायमचा गेला.

ती हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी आक्का मच्छ्याला चालत गेल्या. मुलीचा बाप गोठ्यात होता. काय झालं ते पुढे त्या मुलीनंच मला सांगितलं. आक्का अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, पोरीचा कान माज्यामुळं गेला. डागदर नगं म्हणाले न्हाय मी, पण बोलवा बी म्हणाले न्हाय.” बाप आत गेला. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. आक्कांनी तो उभ्यानं प्यायला आणि परत आल्या. मग मोठ्या बाईंकडे जाऊन म्हणाल्या, मला काढून टाका. मोठ्या बाईंनी काढलं नाही. अट घातली: अंग तापलं की आधी डॉक्टर. त्यानंतर आक्कांनी ती अट कधी मोडली नाही. मनगट धरायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “डागदरला बोलवा.”

त्या दिवसांत एकदा मी त्यांना विचारलं. दुपारची वेळ होती, मुली शाळेत होत्या, आक्का ओसरीत गोधडीला टाके घालत होत्या.

“आक्का, एवढं झाल्यावर हे सोडून का देत नाही?”

त्यांनी दोरा दातानं तोडला. “सोडलं तर मी जगले कशी ते कुणाला इचारू, बाई?”

आणि मग त्यांनी सांगितलं.

नवरा पलटणीत शिपाई होता. प्लेगात गेला. पदरात दोन वर्षांची मुलगी, चंपा. आक्का कॅम्पात एका साहेबाच्या घरी आया म्हणून लागल्या. मड्डमेला तान्हा मुलगा होता. साहेबाची बदली हाँगकाँगला झाली, तेव्हा मड्डम म्हणाली, दोन वर्षांसाठी चल, परत पाठवण्याची जबाबदारी माझी. चंपाला उचगावला भावाच्या घरी ठेवून आक्का मुंबईला बोटीत चढल्या. दोन वर्षं भरत आली आणि जर्मनची लढाई लागली. साहेब लढाईवर गेला, बोटी सैन्यासाठी गेल्या, मड्डम पोराला घेऊन तिथेच अडकली आणि तिच्याबरोबर आक्काही. दोन वर्षांची सात वर्षं झाली.

“तिकडं गेल्यावर मला श्वासच येईना. म्हंजे यायचा, पण हितवर.” त्यांनी गळ्याखाली बोट ठेवलं. “छातीत उतरायचा न्हाय. मड्डमेच्या डागदरनं तपासलं. म्हणाला, कायबी न्हाय.”

त्या घरी एक चिनी स्वयंपाकीण होती. तिचा सासरा औषधं विकायचा. दुकानात खालपासून आढ्यापर्यंत लाकडी खणच खण. एका सुट्टीच्या दिवशी ती आक्कांना तिकडे घेऊन गेली. म्हाताऱ्यानं दोन्ही मनगटं धरली आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. मग सुनेला काहीतरी म्हणाला. सुनेला इंग्रजी धड येत नव्हतं, आक्कांनाही येत नव्हतं. तिनं आक्कांच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “यू. हिअर. बेबी.”

“मी त्याला कायबी सांगितलं नव्हतं, बाई. पोरगी हाय म्हणून बी न्हाय.” आक्का सुई हातात धरून बसल्या होत्या. “सुनेनं सांगितलं असंल त्याला. मी झोपेत बडबडायची म्हणं. असू दे. पण कुणीतरी बोट ठेवलं की न्हाय?”

म्हाताऱ्यानं त्यांना पहाटेचं दार सांगितलं. त्या रोज पहाटे स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्यावर बसून रडत, आणि मड्डमेचा मुलगा जागा व्हायच्या आत तोंड धुऊन आत येत. काही महिन्यांनी श्वास खाली उतरू लागला. मग दर सुट्टीला त्या दुकानात जाऊन म्हाताऱ्याला मुळ्या कुटून देऊ लागल्या आणि एकेक घर शिकल्या, खुणांनी, बोटांनी, कागदावर काढलेल्या सूर्यानं.

परत आल्या तेव्हा चंपा नऊ वर्षांची होती. मामीच्या पदरामागून तिनं विचारलं, “ही बाई कोण?” मामी म्हणाली, “तुजी आई गं.” चंपा म्हणाली, “आई तू हाईस.”

“आता येळ्ळूरला दिलीया,” आक्का म्हणाल्या. “सणासुदीला जाते. चोळीचा खण देते. घेती. बसा म्हणत न्हाय.”

चंपाचं मनगट त्यांनी कधी धरलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यानंतर वर्षभरानं असेल, एका दुपारी आक्कांचा जावई वसतिगृहाच्या दाराशी आला. येळ्ळूरहून चालत आला होता. मुंडासं काढून त्यानं तोंड पुसलं.

“आत्ती, पोरगा झालाय.”

आक्का खांबाला धरून उभ्या राहिल्या. चंपाची आधीची दोन बाळं जगली नव्हती.

“पोरगा बरा हाय. पर ती त्याच्याकडं बघत न्हाय. भिताडाकडं तोंड करून पडलीया. पाजत न्हाय, खात न्हाय. माजी म्हातारी थकली.” मग खाली बघत म्हणाला, “तिनं तुमाला बोलवलेलं न्हाय. मीच आलोय. मामीबी गेल्या साली गेल्या. आता तिचं हाय कोण?”

आक्कांनी मला सोबत यायला सांगितलं. “तुमी डागदराचं काय ते बघा,” त्या म्हणाल्या. “मला तिथं बोलाय हक न्हाय.” आम्ही बैलगाडीनं गेलो. समोर येळ्ळूरचा गड दिसू लागला तशा आक्का गाडीत आणखी आणखी आखडून बसत गेल्या.

बाळंतिणीच्या खोलीत अंधार होता, शेगडीचा आणि ओव्याचा वास होता. कोपऱ्यात म्हातारी सासू बाळाला मांडीवर हलवत होती आणि बाळ थकल्यासारखं, बारीक आवाजात रडत होतं. चंपानं पावलांचा आवाज ऐकून मान वळवली. आईसारखंच रुंद कपाळ.

“हिला कुणी बोलवलं?”

आक्का बाजेजवळ गेल्या. त्यांचा हात सवयीनं पुढे झाला, चादरीवर पडलेल्या त्या मनगटाकडे. मग थांबला. त्यांनी तो मागे घेतला, वळल्या, सासूच्या मांडीवरून बाळ उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी दुसऱ्या दिवशी बेळगावहून लेडी डॉक्टरांना घेऊन आले. रक्त फार गेलं होतं. त्यांनी औषध दिलं, दूध आणि अंडी सांगितली, शेजारची एक लेकुरवाळी बाळाला पाजायला मिळाली. मनाचं विचारलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, “बाळंतपणात काहींचं असं होतं. जपा. एकटी सोडू नका.” आक्का म्हणाल्या, “तुमी सांगाल तसं.”

त्यांनी शाळेतून रजा घेतली आणि तिथेच राहिल्या. मी रविवारी जात असे. आक्का चूल सांभाळत, बाळाला न्हाऊ घालत, चंपाचं ताट तिच्या उशाशी ठेवून बाहेर येत. त्या ताटाला हात लागला की नाही, ते दाराआडून बघत. लेकीशी एक शब्द बोलत नव्हत्या. पहाटे पायरीवर बसत नव्हत्या. मुक्कामाची घरं, वेळा, राजा, दिवाण, काही नाही. मी एकदा हळूच विचारलं, “आक्का, आत्ता जीव कुठल्या घरी आहे?”

“मला ठावं न्हाय, बाई,” त्या म्हणाल्या. “हितं ती म्हणंल ती येळ.”

तो रविवार मला नीट आठवतो. भर दुपार होती. आक्का खोलीच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसल्या होत्या, नडगीवर बाळ उताणं घेऊन त्याला तेल लावत होत्या. मी आत चंपाजवळ औषधाची बाटली घेऊन बसले होते. ती भिंतीकडे तोंड करूनच पडली होती. एकाएकी तिचा आवाज आला.

“त्याला बी असंच त्याल लावायचीस?”

आक्कांचा हात थांबला. “कुणाला?”

“त्या गोऱ्याला.”

नाही म्हणता आलं असतं. आक्का म्हणाल्या, “व्हय.”

चंपा उठून बसली. इतके दिवस तिला कुणी उठून बसलेलं पाहिलं नव्हतं. “अन् माजं क्यास कोण इंचरायचं, ठावं हाय का तुला?”

“मामी...”

“मामी कुठली! तिला तिची चार पोरं. उवा झाल्या म्हणून वस्तरा फिरवला माज्या डोस्क्यावरनं. न्हाव्याम्होरं बसवलं मला, पोरासारकं. सगळी गल्ली टकली म्हणून हाका मारायची. अन् तू तिकडं त्याला मांडीवर घिऊन बसलीवतीस.” तिला धाप लागली होती. “तिकडं बेळगावात पोरींना रडायची येळ सांगतीस म्हणं. सगळी सांगत्यात. मी कवा रडायचं, ते कुणी सांगितलं मला?”

आक्कांना वस्तऱ्याचं ठाऊक नव्हतं. त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. बाळ त्यांच्या नडगीवर तेलानं चमकत, पाय झाडत होतं.

“आत्ता रड,” त्या म्हणाल्या. “माज्याम्होरं रड, बाळ. कितीबी रड.”

मी बाटली खाली ठेवली आणि बाहेर आले. अंगणात जावई वैरण टाकत होता. आतून आवाज येऊ लागला तसा तो पुढे झाला. मी त्याला हातानं थांबवलं. आम्ही दोघं बराच वेळ तिथे उन्हात उभे होतो.

दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. चंपा पुन्हा भिंतीकडे वळली. पण ताट रिकामं झालं. नंतरच्या रविवारी ती दारापाशी बसलेली दिसली. हळूहळू, शेतातली भातं पोटऱ्यांत येईतो, ती बाळाला मांडीवर घेऊ लागली. आक्कांना तिनं आई म्हटलं नाही. फक्त आक्का परत जायला निघाल्या त्या सकाळी नवऱ्याला म्हणाली, “तिला भाकरी बांधून द्या. वाटंत भूक लागती तिला.”

वसतिगृहात परतल्यावर आक्का पुन्हा पहाटे उठू लागल्या, पुन्हा घंगाळात पाय बुडू लागले, पुन्हा तिळाचे लाडू. मनगटं धरणंही सुटलं नाही. पण रडण्याचा नियम त्यांनी बंद केला. एखादी मुलगी पंगतीत मुसमुसायला लागली की आक्का वाढणं थांबवून तिच्याजवळ जाऊन बसायच्या. जुन्या मुली कुजबुजायच्या, आक्का, ही वेळ चुकीची ना? आक्का तिथून उठायच्या नाहीत. तीन चुलींचं मात्र मुलींना अजून सांगायच्या, आणि पेपरात लिहायचं नाही म्हणून बजावायच्या.

पुढे माझं लग्न झालं आणि मी निपाणीला परत आले. बेळगावला गेले की वसतिगृहात डोकावून येई. आक्का माझं मनगट धरायच्या आणि दर वेळी तेच सांगायच्या, जेवताना विचार करू नका. त्यांचं ते शास्त्र खरं की खोटं, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि तोही बहुधा जेवतानाच केला असणार. मी अजूनही शरीर पुस्तकातल्यासारखंच समजते.

स्वराज्य यायच्या आदल्या वर्षी कळलं की आक्कांना वाऱ्याचा झटका आला आणि जावयानं त्यांना गाडीत घालून येळ्ळूरला नेलं. माझ्या घरी तेव्हा आजारपण होतं. मी गेले तोवर सगळं संपलं होतं. दिवसही झाले होते.

चंपा सोप्यात तांदूळ पाखडत बसली होती. आता ती भरली होती, केसांत पांढरी बट आली होती. तिनं मला ओळखलं, घोंगडं टाकलं, चहा केला. मुलगा शाळेत गेला होता. पाखडता पाखडताच ती बोलू लागली, फार न विचारता.

“उजवी बाजू सगळी गेलती. बोलाय यायचं न्हाय. मराठी सगळं पुसून गेलतं बघा. निस्तं त्ये तिकडचं उरलं. यात, यी, साम करायची. अन् इंग्रजी.” तिनं सूप झटकलं. “मला जानी म्हणायची.”

“जानी?”

“आदी मला कळंना, जानी कोण. मग कळलं. त्यो मड्डमेचा पोरगा. तिनं त्याचं नाव कवा घेतलं नव्हतं आमच्यात.”

जॉनी. इतक्या वर्षांत आक्कांनी ते नाव माझ्यासमोरही कधी उच्चारलं नव्हतं.

“मग तू काय केलंस?”

“काय करायचं? व्हय म्हणायची. जानी तर जानी.” ती खडे वेचत होती. “माजा हात सोडायची न्हाय. दिवसातनं धा डाव एकच म्हणायची. मला पाठ झालं, पर अर्थ ठावं न्हाय. तुमी शिकलेल्या.” आणि शाळेत कविता म्हणावी तशी, एकेक शब्द जपून टाकत, ती म्हणाली, “डोन क्राय, जानी. ममा कमिंग सून.”

चहाचा पेला मी खाली ठेवला. मड्डम बाहेर गेली की ते पोर रडत असणार, आणि आक्का त्याला समजावत असणार. सात वर्षं.

मी तिला अर्थ सांगितला. “रडू नकोस. आई लवकर येणार आहे.”

चंपाचा हात सुपात थांबला. बाहेर कुणीतरी बैलांना पाणी दाखवत होतं, त्याची शीळ ऐकू येत होती.

“असं व्हय,” ती म्हणाली. मग एक खडा वेचून टाकत म्हणाली, “मला वाटायचं, पाणी मागायलीया. मी पाणी पाजायची.”

“आणि त्या?”

“प्यायची की,” चंपा म्हणाली. “माज्याकडं बघत बघत सगळं प्यायची.”